चरणलोक: ठेवायचं की काढायचं?

क्रांतीला कशाची किळस येत नाही, अशी तिची मलकापुरात घरोघरी ख्याती होती. शेणात हात घालायला ती पहिली, पालीला शेपटीला धरून बाहेर फेकायला ती पहिली, आणि मोरीत अडकलेला केसांचा गुंता बोटानं ओढून "आई, हे बघ उंदराचं पिल्लू!" म्हणत आईच्या मागं पळणारीही तीच. पण त्या दिवशी शाळेच्या संगणक खोलीत ती एक पान वाचायला बसली आणि अर्ध्यातच तिनं ओढणी नाकाला लावली. पडद्याला वास नसतो हे तिला माहीत होतं. तरी लावली.

पान होतं इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाचं. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं असा तो मोफत कोश. उन्हाळ्याच्या सुट्टीत कराडला त्याचं शिबिर झालं, तेव्हापासून क्रांती तिथली संपादक. आगाशिवाच्या लेण्यांवरचं अर्धं पान तिनं लिहिलं होतं. दहावीतल्या पोरीनं मलकापुरात बसून केलेली दुरुस्ती पार अमेरिकेतला माणूससुद्धा वाचतो, हे कळल्यापासून तिची मान जी ताठ झाली होती, ती गणिताचा पेपर हातात आल्यावरही खाली येत नव्हती.

"सृष्टे, हे ऐक," ती शेजारच्या खुर्चीतल्या मैत्रिणीला म्हणाली आणि कीर्तनकाराच्या सुरात वाचायला लागली. "'चरणलोक ही पृथ्वीतलावरील एकमेव चरणप्रधान वसाहत होय. येथे परमपूज्य चरणानंद महाराजांच्या पावलांतून अखंड तीर्थ स्रवते. हे तीर्थ प्राशन करणाऱ्यास औषधाची गरज उरत नाही.' स्रवते! अगं पायातून पाणी स्रवतं त्याला काय म्हणतात माहितेय? आमच्या खोंडाला झालं होतं. लाळ-खुरकूत!"

वर्ग खिदळला. सृष्टी हसली नाही.

सृष्टी जतच्या पलीकडची. वडील मेंढपाळ, आता थोडी डाळिंबंही लावलेली. पोरगी हुशार म्हणून तिला मलकापूरच्या वसतिगृहात ठेवलेली. क्रांती बोलायला लागली की सृष्टीनं हसायचं आणि सृष्टी गप्प झाली की क्रांतीनं बोलायचं, अशी दोघींची वाटणी ठरलेली होती.

"काय झालं गं?"

"आमी जाणार हाय तिकडं. चरणलोकात."

"बघायला?"

"ऱ्हायला." सृष्टीनं नखानं टेबलाचा ढलपा काढायला सुरुवात केली. "दसऱ्याला. घराला कुलूप लावायचं, मेंढरं इकायची आन् तिथंच ऱ्हायचं. तिथल्या पोरी शाळंत जात न्हाईत. त्यांच्या म्हाराजांचं पाय चेपायच्या पाळ्या असत्यात."

क्रांतीनं ओढणी नाकावरून खाली घेतली. आता ओढणीचाही उपयोग नव्हता.

"आन् देव तर दिलं पयलंच," सृष्टी म्हणाली.

"देव दिले म्हणजे?"

"टाक गं. देव्हाऱ्यातलं. खंडोबा, बिरोबा आन् आमचा कोंडीबाआज्जा. तिथं जायाचं तर जुनं देव सोडावं लागत्यात. म्हाराजांनी किष्णंत विसर्जन केलं म्हणं."

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेले देव. घरातलं मोठं माणूस गेलं की त्याचाही टाक करून देवांत बसवायचा. सृष्टीच्या आजोबांचा टाक क्रांतीनं मागच्या दिवाळीला तिच्या घरी स्वतः हातात घेऊन पाहिला होता. पटका, खांद्यावर घोंगडं आणि पायाशी कुत्रं. सोनाराला सृष्टीच्या वडिलांनी बजावून सांगितलं होतं म्हणे, "मोत्या काडल्याबिगर माजा बाप वळखायचा न्हाई." सबंध पंचक्रोशीत कुत्र्यासकट देवात बसलेला तो एकटाच आजोबा.

"आणि तुझे आण्णा हे सगळं ऐकतात? एवढा शहाणा माणूस!"

"ह्या पानामुळं," सृष्टीनं पडद्याकडं बोट केलं. "आई म्हणली, बुवा खोटा हाय. मामा म्हणला, खोटा हाय. आण्णा मोबाइल म्होरं करत्यात. 'कोशात हाय. कोशात खोटं आसतंय व्हय? तुजी ती मैत्रीण लिवती ना त्यात?'"

झालं. क्रांतीचे कान तापले. तिच्या कोशात, तिच्या आगाशिवाच्या शेजारी, हा पायपुसणीवाला बसला होता!

"पानच उडवते की मग," ती म्हणाली. "पान गेलं की आण्णांचा पुरावा गेला. दसऱ्याला अजून वेळ आहे."

*

कोशातलं पान असं फुंकर मारून उडत नाही. आधी वर पाटी लावायची की हे पान काढावं असं सुचवलं आहे. मग खाली चर्चा. ज्याला जे वाटेल त्यानं 'ठेवा' किंवा 'काढा' लिहायचं, कारण द्यायचं आणि शेवटी जुनेजाणते संपादक निकाल लावणार.

क्रांतीनं लिहिलं: "काढा. वाचून उलटी येते."

दुसऱ्या दिवशी बघते तर खाली रांगच लागली होती. 'चरणधूळ', 'चरणरज', 'चरणदासी', 'चरणकमळ सांगली'. सगळी खाती काल जन्मलेली. सगळ्यांचं एकच, "ठेवा. महाराज की जय." आणि त्यांच्याखाली जयराज नावाच्या सांगलीच्या जुन्या संपादकाच्या दोन ओळी: "किळस हे कारण होत नाही. नरकासुराचंही पान आहे आपल्याकडे. प्रश्न एवढाच, की चरणलोकाशी ज्यांचा काही संबंध नाही अशांनी त्याबद्दल सविस्तर काही छापलं आहे का? छापलं असेल तर पान राहील. नसेल तर जाईल."

"बघतेच," क्रांती म्हणाली आणि पानाखालची कात्रणं एकेक करून उघडायला लागली.

कात्रणं पुष्कळ होती, पण क्रांतीला ती ओळखायला भिंग लागलं नाही. 'अवतारदिन विशेष पुरवणी.' वर दोन पायांचा फोटो, खाली 'शुभेच्छुक' म्हणून द्राक्षवाले, जेसीबीवाले, मंडपवाले. आपल्याकडं पैसे मोजले की अशी पुरवणी कुणाचीही निघते, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तिच्या चुलतभावाची, वीरधवलदादाची, निघालीच होती की! 'तालुक्याची मुलूखमैदान तोफ' असं ठळक अक्षरात छापलेलं, डोळ्यावर काळा चष्मा. तोफ घरी झुरळ दिसलं की पलंगावर चढते.

तिनं प्रत्येक कात्रणाखाली लिहिलं: ही जाहिरात आहे, बातमी नाही. जयराज यांनी उत्तर दिलं, "मुद्दा बिनतोड." या दोन शब्दांवर क्रांतीनं वसतिगृहाच्या व्हरांड्यात असा काही नाच केला की वॉर्डनबाई चप्पल हातात घेऊन आल्या.

"जिंकलो गं आपण!"

"एवढ्यात?" सृष्टी म्हणाली, पण हसली.

*

भाद्रपदाच्या पौर्णिमेला आण्णांनी सृष्टीला चरणलोकात बोलावून घेतलं. "मैत्रिणीलाबी आण," असा निरोप होता. शत्रूचा गड आतून बघितलेला बरा, म्हणून क्रांतीही एसटीत बसली.

गड कसला, जतच्या माळावर पत्र्याच्या शेडी. पण कमान बघून क्रांती जागीच थबकली. कमान म्हणजे सिमेंटची दोन अजस्र पावलं. आत जायची वाट अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधून. नखं गुलाबी ऑइलपेंटची. क्रांती अंग चोरून आत शिरली तरी खांद्याला रंग लागलाच.

आणि वास! ओलं गोणपाट, नासलेलं दूध, कुजलेली झेंडूची फुलं, आणि या सगळ्यांच्या खाली, गाईगुरांचाही नसतो असा, माणसाच्या बंद बुटातला जुना वास. क्रांती तोंडानं श्वास घ्यायला लागली. मग तो वास जिभेवर बसायला लागला.

"आलीस व्हय लेकी?" सृष्टीचे आण्णा, बिराप्पा, पुढं आले. उंच, रापलेले, तांबडा पटका बांधलेले. त्यांच्या मागं सृष्टीची आई, मंगल. आण्णांनी स्वतःचं घोंगडं पसरून पोरींना बसवलं, फुलपात्रातून शेळीच्या दुधाचा चहा आणून दिला. माणूस लाख मोलाचा, आणि इथं कसा अडकला, हेच क्रांतीला कळेना.

"मागल्या साली मेंढरं पटापट मरत हुती," ते सांगायला लागले. "म्हाराजांचं तीर्थ शिंपलं आन् थांबलं बग."

"लसबी टोचली हुती की," मंगल पदराआडून म्हणाली.

"टोचली. पर आदी तीर्थ."

"आदी लस."

"तू गप गं."

इतक्यात शंख वाजला आणि सगळे रांगेत उभे राहिले. व्यासपीठावर पडदा होता. पडद्याला खाली एक फट, आणि फटीतून फक्त पाय बाहेर आले. महाराजांचं तोंड बघायची पद्धतच नव्हती. चांदीच्या एका पाटावर ते पाय ठेवलेले. सुजलेले, फुगलेल्या पुरीसारखे. टाचांना भेगा, भेगांत हळद, हळदीखाली पिवळं आणखी काहीतरी, जे हळद नव्हती. एक सेवक तांब्यातलं दूध ओतत होता. दूध पावलांवरून, बोटांच्या बेचक्यांतून, पाटाच्या नक्षीतून ओघळत पन्हाळीत, आणि पन्हाळीतून खाली निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात. पिंपाच्या काठावर माश्यांची झालर. दुसरा सेवक त्याच पिंपात वाटी बुडवून लोकांच्या ओंजळीत घालत होता. क्रांतीच्या पुढची बाई बोंडल्यानं ते तान्ह्या पोराला पाजत होती. पोरगं तोंड फिरवत होतं. एवढ्या गर्दीत अक्कल काय ती त्या एका पोराला होती.

क्रांतीची पाळी आली. तळहातावर कोमट, तार सुटलेलं काहीतरी पडलं. तिनं मूठ तोंडाशी नेली, कोपर वर केलं आणि सगळं बाहीत सोडून दिलं. बाहीतून ते काखेपर्यंत गेलं. तिला वाटलं, आता हा हात खांद्यापासून काढून इथंच ठेवावा.

सृष्टीला ती युक्ती जमली नाही. आण्णा समोरच उभे होते, लेकीकडं कौतुकानं बघत. सृष्टीनं क्रांतीकडं पाहिलं, डोळे मिटले आणि घोट घेतला.

नंतर शेडच्या मागं निवडुंगात ती आतडं पिळवटून ओकली. क्रांती तिची वेणी धरून उभी राहिली.

"हा एकच घोट हाय," सृष्टी तोंड पुसत म्हणाली. "दसऱ्यानंतर रोज. आयुष्यभर. तू ते पान काडच, क्रांती."

"काढतेच. रक्ताची शपथ!"

*

शपथ घेतली तर ती पक्की झाली पाहिजे. कुठल्याही वर्तमानपत्रानं चरणलोकाबद्दल जाहिरातीशिवाय एक ओळ छापलेली नाही, असं छातीठोक सांगायचं तर आधी बघायला हवं. क्रांतीच्या मामाचा टेम्पो हळदीची पोती घेऊन सांगलीच्या बाजाराला निघाला होता. क्रांती पोत्यांशेजारी बसून गेली आणि वाचनालयात जुन्या अंकांचे गठ्ठे उघडून बसली.

आणि सापडलं. एक नाही, ढीगभर. मागच्या वर्षीच्या उत्सवानंतर चरणलोकात ढाळ-वांत्यांची साथ आली होती. दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांनी पानभर छापलं होतं. आरोग्य खात्यानं पिंप जप्त केलं, तपासणीत तीर्थात काय काय निघालं त्याची यादी (क्रांतीनं ती वाचून पाण्याची बाटली दूर सारली), शाळा सोडलेल्या पोरींच्या मुलाखती, 'आम्ही तीर्थ पाजत नाही' असं सांगणारा व्यवस्थापक. मग बातमी गारठली. जत सांगलीला लांब आणि मलकापूरला त्याहून लांब. कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

"सापडलास, लेका!" क्रांती एवढ्यानं ओरडली की पलीकडं वाचत बसलेले, हेल्मेट मांडीवर घेतलेले एक बारकेसे आजोबा दचकले. ते जवळ आले, गठ्ठ्यात डोकावले आणि हसले.

"तू क्रांती का? 'वाचून उलटी येते' म्हणणारी? मी जयराज."

"काका! हे बघा! सगळी घाण छापून आलीय!"

"बघितलं." त्यांनी चष्मा पुसला. "अभिनंदन. तू हरलीस."

"म्हणजे?"

"संबंध नसलेल्या लोकांनी सविस्तर छापलंय ना? मग चरणलोक उल्लेखनीय ठरलं. पान राहणार."

क्रांतीनं बातमीवर बोट आपटलं. "पण... ही तर त्यांची बदनामी आहे!"

"कोशाला नावाशी मतलब आहे, चांगलं की वाईट याच्याशी नाही. घाण दाखवायची असेल तर घाणीला जागा द्यावी लागेल. पान उडवायचं असेल तर ही घाण तुला लपवावी लागेल. बातम्या तुला सापडल्यात, मला नाही. आज ना उद्या मीही शोधीन, पण आज मी कोडं सोडवायला आलोय." आणि ते खरंच शब्दकोडं घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर टेम्पो रिकामा होता आणि क्रांतीचं डोकं भरलेलं. काय करावं? गठ्ठा बांधून ठेवला आणि गप्प बसलं की पान जातं, सृष्टीला दिलेला शब्द राहतो. पण पान गेलं तर आण्णा काय म्हणतील? तिला त्यांचा आवाजच ऐकू आला: 'हुतं पान. जळकुट्यांनी काडलं.' पानाची जागा रिकामी राहील, आणि रिकाम्या जागेवर माणूस हवं ते लिहितो. त्या पिंपातलं तीर्थ पिणाऱ्या तान्ह्या पोराचं काय? त्याच्या आईनं उद्या मोबाइलवर शोधलं तर तिला काहीच सापडू नये?

टेम्पोत हळदीची धूळ उडत होती. क्रांतीनं पिवळा झालेला हात बघितला आणि तिला त्या टाचा आठवल्या. हळदीनं झाकलेल्या. घरी पोचताच तिनं चर्चेत स्वतःचं 'काढा' खोडलं आणि लिहिलं: "ठेवा. मी पान नव्यानं लिहिते."

*

"तू?" सृष्टीचा आवाज फुटला. "तू ठेवा म्हणालीस?"

"अगं ऐक तर. आता त्यात खरं आहे, सगळं—"

"तुला पान लिवायला गावलं, व्हय ना? तुजं नाव मोठं. अमेरिकेतला मानूस वाचतोय. आन् मी पाय चेपीत बसते."

त्यात तिळाएवढं खरं होतं. पान लिहिताना तिची बोटं कशी नाचली होती, ते तिचं तिला माहीत होतं. सृष्टीनं बाक बदलला. डबा खाताना तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा क्रांती सबंध मधली सुट्टी न बोलता बसली.

पान मात्र उभं राहिलं. एकही शिवी नाही, 'उलटी' हा शब्द फक्त रुग्णांच्या संदर्भात. चरणलोक कुठं आहे, कधी झालं, तिथं काय पाजतात, त्या तीर्थात काय निघालं, पोरींच्या शाळांचं काय झालं. प्रत्येक ओळीखाली बातमीचा दाखला. महाराजांच्या पायांचा फोटो त्यांच्याच माणसांनी नुकताच चढवलेला होता, मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेला, भक्तांना रेघ न् रेघ दिसावी म्हणून. क्रांती तो काढणार होती. जयराजकाकांनी लिहिलं, "असू दे. त्यांनी स्वखुशीनं दिलाय."

मग काय झालं? तीच चरणधूळ, तीच चरणदासी, सगळी रांग पुन्हा आली आणि यावेळी म्हणाली, "काढा. चरणलोक ही अत्यंत किरकोळ संस्था असून ज्ञानकोशात येण्याची तिची बिलकूल लायकी नाही." क्रांती खुर्चीवरून पडता पडता वाचली. हे वाचून सर्वांत जास्त हसली असती ती मात्र वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली होती.

*

घटस्थापना झाली आणि आण्णा आले. सृष्टीची पेटी न्यायला, शाळेतून दाखला काढायला. व्हरांड्याच्या पायरीवर ते बसले होते, शेजारी पेटी. क्रांती पळत आली ती धापा टाकतच.

"आण्णा, कोशात बघा! आता काय लिहिलंय ते बघा एकदा!"

सृष्टीनं तिच्याकडं न बघता मोबाइल वडिलांच्या हातात दिला. आण्णा ओठ हलवत, बोट फिरवत सावकाश वाचत गेले. क्रांतीला ते बोट गोगलगाईसारखं वाटलं. शेवटी त्यांनी मान हलवली.

"ढाळ काय, जत्रंतबी व्हत्यात. घाणंरडं पानी भायेरचं आसंल. म्हाराजांचं पाय त्याला काय करणार?"

"पायच तर घाण आहेत!" क्रांतीचा बांध फुटला. तिनं मोबाइल घेतला, फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. "हे बघा! ही भेग बघा. आणि हा पू. हळद नाही ही, आण्णा, हा पू आहे! हे पिता तुम्ही! हे नख बघा, बुरशी—"

"थांब," आण्णा म्हणाले.

"नाही थांबणार! हा अंगठा—"

"थांब म्हणतो ना पोरी. खाली सरकव. खाली. अंगठ्याच्या खाली."

क्रांतीनं सरकवलं. पाटाची नक्षी पडद्यावर मोठी झाली. वरून ती फुलापानांची वाटायची. फुलं नव्हतीच ती. तळहातापेक्षा लहान चांदीचे पत्रे, एकाला एक खेटून पाटावर खिळवलेले. घोड्यावरचा खंडोबा. हातात हात घेतलेली जोडपी. कुणाकुणाचे पूर्वज, ओळीनं. आणि उजव्या अंगठ्याच्या खाली पटक्याचं टोक, खांद्यावरचं घोंगडं आणि त्याच्या पायाशी शेपटी वर केलेलं एक कुत्रं.

"मोत्या," सृष्टी हळूच म्हणाली.

कोंडीबाआजोबांच्या तोंडावर तो फुगलेला, पिवळा अंगठा टेकलेला होता.

आण्णांनी स्वतःच्या अंगठ्यानं पडदा पुसला. पुन्हा पुसला. जणू तो पाय बाजूला होईल.

"किष्णंत सोडलं म्हणालं हुतं," ते म्हणाले. मग उठले, अंगणातल्या नळाशी गेले आणि चुळा भरायला लागले. एक, दुसरी, तिसरी, घशात बोट घालून. पटका सुटून मानेवर आला तरी थांबेनात. "बापाच्या तोंडावरनं आलेलं... बापाच्या तोंडावरनं, त्येच्या पायाखालनं... आन् पोरीला पाजलं मी!"

सृष्टी धावली. यावेळी पाठ तिनं चोळली.

तोंड पुसून आण्णा आत आले, तेव्हा त्यांचा आवाज एकदम साधा होता. "दाखला नगं मला. पेटी वर नेऊन ठेव सृष्टे. आन् कुणाकडं पकड आसली तर द्या."

"पकड?"

"खिळं काडायची."

*

पुढचं मंगलनं फोनवर सांगितलं. सृष्टीनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि दोघी एकाच फोनवर वाकल्या, डोक्याला डोकं लावून.

आण्णा बाकीच्यांसारखे रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर ओंजळ पुढं केली नाही. म्हणाले, "पाय उचला म्हाराज."

सेवकांना वाटलं, भक्ती. पडद्यामागच्यालाही तसंच वाटलं असणार, कारण पाय चटकन वर झाला, पाया पडायला सोयीचा व्हावा म्हणून. आण्णांनी पकड काढली आणि कोंडीबाला खिळ्यांतून उपसून घेतलं. सेवक धावले, आरडाओरडा झाला. पण मागची म्हातारी तेवढ्यात वाकून बघत होती. ती एकदम किंचाळली, "आगं बाई, ही आमची जानाई हाय!" तिच्या मागचा वाकला. त्याच्या मागचाही. इतकी वर्षं त्या पायांशी लोक डोळे मिटून वाकत होते. आज पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी वाकले आणि ज्याचा त्याचा देव हुडकायला लागले. पाय तेवढ्यात पडद्याआड गेले होते.

"जाऊ देत. कुजकं मेलं!" मंगल म्हणाली. "मी टाक चिंचंनं घासला, राखंनं घासला, परत चिंचंनं घासला. चकाकतोय. पर हातात घेतला की मला तोच वास येतोय बाई. आसूदे. कोंडीबाला म्हणलं, चार दीस भायेर उन्हात बसा, मंग आत घीन."

क्रांतीनं त्याच दिवशी हे पानावर लिहायला घेतलं. जयराजकाकांनी खाली एकच शब्द टाकला, "दाखला?" तिनं दात खाल्ले आणि ओळ खोडली. छापून येईपर्यंत थांबायचं. येईल. न येऊन सांगतंय कुणाला!

दसऱ्याची सुट्टी संपली आणि सृष्टी शाळेत आली. जुन्या बाकावर, क्रांतीच्या शेजारी, काहीच न झाल्यासारखी बसली. दप्तरातून चुरगाळलेलं आपट्याचं पान काढून तिनं पुढं केलं.

"शिळं हाय, पर घे. सोनं घे, सोन्यासारखी ऱ्हा."

क्रांतीनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. "हात धुतलेस का?"

सृष्टीनं आधी डोळे वटारले. मग फस्सकन हसली, आणि एवढी हसली की गणिताच्या सरांनी दोघींना वर्गाबाहेर काढलं.